छापखान्याच्या गाळ्यात शांत ऑफिस: वागळे इस्टेट, ठाणे

शाईवाला

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो, आज मदत हवी म्हणून पहिला धागा काढतोय.

वागळे इस्टेटमध्ये आमचा एक गाळा आहे. पहिला मजला, ४० बाय ३०, उंची १४ फूट. वडिलांनी तिथे तीस वर्षं ऑफसेटचा छापखाना चालवला. मशीन विकून दोन वर्षं झाली. फरशीत मशीनच्या पायाचे कापलेले बोल्ट अजून दिसतात आणि दक्षिणेच्या भिंतीवर निळ्या शाईचे बोटांचे ठसे आहेत. ते मी रंगाऱ्याला पुसू दिले नाहीत.

आता तिथे माझं अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनाचं काम हलवायचं आहे. आम्ही अकरा जण. सध्या नौपाड्यात एका फ्लॅटमध्ये दाटीवाटीने बसतो.

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगतो, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे. आम्ही अजूनही जोडीने वाचतो. एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचतो, दुसऱ्याची नजर प्रूफवर. वाचणारा ‘पहिली वेलांटी’, ‘दुसरा उकार’, ‘स्वल्पविराम’ असं सगळं उच्चारतो. अशा तीन जोड्या एकाच वेळी चालू असतात.

गेल्या आठवड्यात रिकाम्या गाळ्यात दोन खुर्च्या टाकून एक जोडी बसवून पाहिली. दहा मिनिटांत थांबवावं लागलं. शब्दावर शब्द चढत होते, ‘पहिली’ म्हटलं की ‘दुसरी’ हेच कळेना. त्यात शेजारच्या गाळ्यात १० टनी पॉवर प्रेस आहे, पत्र्याचे भाग ठोकतात. प्रत्येक ठोक्याला पेल्यातल्या चहावर वर्तुळं उठतात.

एका इंटिरियर डिझायनरकडून चित्रं करून घेतली. उघडा स्लॅब काळ्या रंगात, दिसणारे डक्ट, विटांच्या टाइल्स, काचेच्या केबिन. दिसायला देखणं आहे, नाही म्हणत नाही. पण अशा ठिकाणी माणूस दिवसभर शांतपणे वाचू शकेल का? ज्यांनी गाळ्यात ऑफिस केलंय किंवा अशा ऑफिसात काम केलंय, त्यांनी कृपया अनुभव सांगा.

कौलारू

वीस वर्षं आर्किटेक्ट म्हणून ठाणे-भिवंडी पट्ट्यात काम करतोय. तुमच्या दोन खुर्च्यांच्या प्रयोगाने निम्मं काम केलंय. बहुतेक जण फर्निचर बसल्यावर टाळी वाजवून पाहतात.

तुमच्या गाळ्याचं गणित मांडतो. घनफळ साधारण पावणेपाचशे घनमीटर. भिंती, फरशी, स्लॅब मिळून पृष्ठभाग ४०० चौरस मीटरच्या आसपास. प्लास्टर आणि काँक्रीट आवाजाचा जेमतेम ३ टक्के भाग पितात, उरलेला परत फेकतात. यावरून घुमण्याचा वेळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ, निघतो सहा सेकंदांच्या वर. तुमची वाचणारी व्यक्ती ‘पहिली वेलांटी’ म्हणते तेव्हा आधीचे चार-पाच शब्द अजून खोलीत फिरत असतात. मग ऐकू कसं येणार?

हे सूत्र अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांचं. १८९५ च्या सुमाराला हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. या माणसाने रात्री रहदारी थांबल्यावर शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मोजमाप केलं, किती गाद्या ठेवल्या की किती घुमणं कमी होतं. आजही हिशेब तोच आहे. तुम्हाला ‘गाद्या’च लावायच्या आहेत, फक्त वर.

स्लॅबखाली ६५० चौरस फूट, म्हणजे छताच्या निम्म्याहून थोडं जास्त, ग्लासवूल किंवा रॉकवूलच्या (काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंच्या) पाट्या कापडात गुंडाळून टांगा. ८० टक्के आवाज पिणाऱ्या घेतल्या तर सहा सेकंदांचा सव्वा सेकंद होतो. माणसं, पडदे, कागदांचे गठ्ठे आले की आणखी उतरतो. पाटी स्लॅबला चिकटवू नका, सहा-आठ इंच खाली सोडा. मागच्या हवेमुळे जाड, घोगरे आवाजही पकडले जातात. आणि कापड हवा जाऊ देणारं हवं. खादी चालेल, ज्यूट चालेल, रेक्झिन नको.

साध्या जिप्समच्या सपाट फॉल्स सीलिंगने हे होत नाही, तेही आवाज परतच पाठवतं. थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे विसरा. फोमचे काळे टोकदार चौकोन स्वस्तात मिळतात, ते तर आणूच नका. पेटले तर त्यांचा धूर माणूस मारतो, आणि तुमच्याकडे कागदच कागद असणार.

काळा उघडा स्लॅब या सगळ्याच्या नेमका उलट आहे. फोटोत शांत दिसतो. काचेच्या केबिनचंही तेच.

अबोली

मी महाप्याला अशाच एका रूपांतरित इमारतीत सहा वर्षं काम केलं. ऑफिस सुंदर होतं. करड्या भिंती, झाडं, लाकडी टेबलं. तरी दुपारी तीननंतर सगळ्यांची डोकी जड व्हायची. आम्हाला वाटायचं जेवणाची सुस्ती. मग एका सहकाऱ्याने कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आणलं. बाहेरच्या हवेत ते ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) जवळपास दाखवायचं, आमच्या मीटिंगच्या खोलीत अर्ध्या तासात २,००० च्या वर.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आतलीच गार करून फिरवतो. हे मला तोवर ठाऊक नव्हतं आणि ऑफिस बांधणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं. खिडक्या रसायनांच्या वासामुळे कायमच्या सील केलेल्या. म्हणजे वास बाहेर ठेवला आणि श्वास आत कोंडला.

दुसरी गोष्ट जरा स्पष्टच लिहिते. शाईवाला, तुमच्या अकरांत बायका किती आहेत? जुन्या औद्योगिक इमारतीत स्वच्छतागृह मजल्याच्या टोकाला, सगळ्या गाळ्यांचं मिळून एक. आमच्याकडे पॅसेजमध्ये दिवा नव्हता, दाराला कडी अर्धी तुटलेली. आम्ही दोघी-दोघी मिळून जायचो, एकीने बाहेर उभं राहायचं. पाणी कमी प्यायचो. अशा ठिकाणी टेबलावर कितीही शांतता असली तरी मनात नसते. पाट्या लावण्याआधी त्या पॅसेजमधून संध्याकाळी सातला एकदा चालून बघा, आणि ऑफिसातल्या बायकांना विचारा.

शाईवाला

अबोलीताई, अकरांत सात बायका आहेत. आणि खरं सांगतो, हा विचार माझ्या यादीत नव्हता. उद्याच जाऊन बघतो.

कौलारू, गणिताबद्दल मनापासून आभार. प्रेसच्या हादऱ्याचं काय करावं? भिंतीला आतून ग्लासवूल लावलं तर थांबेल?

ऐरोलीकर

नाही थांबणार. कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य गेलंय म्हणून ठामपणे सांगतो. आवाज दोन वाटांनी येतो. एक हवेतून, दुसरा बांधकामातून. चहात वर्तुळं उठतात म्हणजे तुमचा ठोका स्लॅबमधून येतोय. तुमची भिंत कितीही जाड केलीत तरी तो फरशीतून टेबलाच्या पायात चढणार.

त्याचा इलाज मशीनच्या पायाशी. प्रेसखाली रबरी अँटी-व्हायब्रेशन माउंट, म्हणजे हादरा पिणारे पाय, बसवायचे. मशीनचं वजन आणि मिनिटाला किती ठोके, यावरून ते निवडावे लागतात. फार मऊ घेतले तर मशीन नाचतं, फार कडक घेतले तर काही फरक पडत नाही. पाय काँक्रीटला बोल्टने थेट आवळलेले असतील तर तेही सोडवावे लागतील.

पण मशीन शेजाऱ्याचं आहे. तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका, अर्धा खर्च घेऊन जा. त्याचाही फायदा सांगा: माउंट बसल्यावर मशीनची लेव्हल टिकते, डाय (साचा) कमी मार खातो, त्याच्या माणसाच्या पायाला दिवसभर बसणारा हादरा कमी होतो. हवं तर मी एका रविवारी येऊन मशीन बघून देईन. पैसे नकोत.

तुर्भेकर

थोडा वेगळा सूर लावतोय, राग मानू नका. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची आणि तिची सुरुवातच वागळे इस्टेटपासून झाली. हे गाळे हाताने काम करणाऱ्यांसाठी होते. आता एकेक गाळ्यात ऑफिस येतं आणि पहिली तक्रार काय, तर शेजारी आवाज करतो. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात काय झालं ते आपण पाहिलंय. गिरण्यांच्या आवारात काचेची ऑफिसं आली, चिमण्या शोभेला उरल्या. माझ्या आत्याचे यजमान तिथे साचे चालवायचे, नंतर त्यांनी वॉचमनकी केली. शांत जागा हवी तर आयटी पार्क आहेत की. प्रेसवाल्याने कुठे जायचं?

शाईवाला

तुर्भेकर, राग नाही. माझे वडील त्या गाळ्यात शाईच्या हातांनी उभे राहिले. आमचं मशीन सुरू असताना वरच्या मजल्यावरचे लोक आमच्याकडे तक्रार घेऊन यायचे, ते मला आठवतं. शेजारच्या काकांचा प्रेस मी यायच्या आधीपासून आहे, तो बंद व्हावा अशी माझी अजिबात इच्छा नाही. मला त्यांच्या शेजारी बसून काम करता यावं, एवढंच हवंय.

तुर्भेकर

हे लिहिलंत ते बरं केलंत. मग माझ्याकडूनही एक सूचना. मालाची लिफ्ट आणि खालचा टेम्पो लावायचा भाग तुमच्या पाहुण्यांच्या गाड्यांसाठी अडवू नका. भांडणं तिथूनच सुरू होतात.

मोजपट्टी

कागदपत्रांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. एमआयडीसीची जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते, त्यामुळे गाळा नावावर असला तरी वापर बदलताना आणि पोटभाड्याने देताना त्यांची परवानगी बघावी लागते. आधी छपाई, आता ऑफिस, तेव्हा लेखी विचारून घ्या.

वीज मीटरकडे खास लक्ष द्या. औद्योगिक दराचं मीटर तसंच ठेवून आत ऑफिस चालवलं तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर धरला जातो आणि आकारणी दुप्पट दराने होते. महावितरणकडे आधी अर्ज करा, मग एसी लावा.

आगीच्या बाबतीत राज्याचा २००६ चा अधिनियम आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घेऊन द्यायचं असतं. इमारतीचं मिळून कुणी भरतं का ते विचारा, अनेक ठिकाणी सगळ्यांना वाटतं दुसरा भरतोय.

पोटमाळा काढायचा मोह होईल, १४ फूट उंची आहे म्हणून. मंजुरीशिवाय नको.

चिंचवन

आमचं रबाळ्याला वरच्या मजल्यावर आहे, पत्र्याच्या छपराखाली. शाईवाला यांना स्लॅब आहे, नशीबवान आहेत. ज्यांना पत्रा आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवते. आपल्याकडे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जुलैत पत्र्याखाली फोनवर बोलणं अशक्य होतं. आम्ही पत्र्याला खालून ग्लासवूलची गादी, तिच्याखाली छिद्रांची पत्र्याची शीट असं केलं, तेव्हा आवाज आणि उन्हाळ्याची भाजणी दोन्ही उतरलं. वरून पांढरा परावर्तक रंग दिला तो वेगळा.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नका, कापू नका, ब्रशने घासू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असतो आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की निघत नाहीत. आमच्या सुताराने हुक लावायला ड्रिल काढलं होतं. मी अक्षरशः धावत जाऊन थांबवलं.

आणि लाकूडकाम बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर प्लायवूडवर आयएस ७१० चा (पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा) शिक्का बघा. आमच्या पहिल्या कपाटांच्या पाठी दोन पावसाळ्यांत फुगल्या.

कौलारू

उजेडाबद्दल राहिलं. शाईवाला, खिडक्या कुठल्या दिशेला?

शाईवाला

दोन लोखंडी खिडक्या उत्तरेला, एक पश्चिमेला. पश्चिमेच्या खाली रस्ता, रिक्षा-टेम्पो. डिझायनरच्या चित्रात उत्तरेच्या खिडक्यांवर भिंत घेऊन त्यावर कंपनीचं नाव दाखवलंय.

कौलारू

ती भिंत करू नका. प्रूफ वाचणाऱ्याला उत्तरेच्या उजेडासारखं दुसरं काही नाही. जुन्या कारखान्यांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी आणि काचा उत्तरेला ठेवायचे ते याचसाठी. हातावर सावली पडत नाही, डोळे दिपत नाहीत. वाचनाच्या तिन्ही जोड्या तिथेच बसवा, खिडकी डाव्या हाताला. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्यही माथ्याच्या थोडा उत्तरेकडे असतो, पण तेव्हा तो इतका उंच असतो की दीड फुटाचा छज्जा पुरतो. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हाला पांढरा सुती पडदा.

पश्चिमेच्या खिडकीला आतून चार-पाच इंच अंतर सोडून दुसरी काच बसवा, रस्त्याचा आवाज अर्धा वाटेल. तिथे सर्व्हर, प्रिंटर, कपाटं ठेवा, माणूस नको. टेबलावर ५०० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मिळेल असे दिवे, पण टेबलाला वेगळे. सगळ्या छतावर ट्यूब पेटवून ठेवायची गरज नाही.

आता शटर. रोलिंग शटर म्हणजे फटींची भिंत. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही, मग उरलेली भिंत दगडाची का असेना. म्हणून शटरच्या आत पाच फुटांवर दुसरी भिंत आणि चहूबाजूंनी रबर लावलेलं भरीव दार. मधल्या जागेत चपला, छत्र्या, पाण्याचा माठ, एक बाक. आपल्या वाड्यांना देवडी असायची ना, तशी. बाहेरच्या गलबल्यातून आलेला माणूस तिथे क्षणभर थांबतो, आवाज खाली आणतो, मग आत शिरतो. मी आजवर सात-आठ गाळ्यांत देवडी केली आहे आणि कुठल्याही फर्निचरपेक्षा तिचा उपयोग जास्त झालाय. दार बाहेरच्या बाजूला उघडेल असंच ठेवा आणि कामाच्या वेळात शटर पूर्ण वर.

अबोली

देवडी वाचून फार बरं वाटलं. ओल्या छत्रीचं पाणी आत येणार नाही, हाही फायदा. शाईवाला, पॅसेजचं काय झालं?

शाईवाला

संध्याकाळी सातला गेलो. एकही दिवा लागत नव्हता आणि कोपऱ्यात रंगाचे रिकामे डबे रचलेले. मी गेली पस्तीस वर्षं त्या इमारतीत येतो-जातो आणि मला कधी दिसलं नाही. गाळेधारकांच्या बैठकीत विषय मांडतोय.

शाईवाला

पावसाळा सरला, आम्ही दसऱ्याला आत गेलो. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना कळवणं माझं काम आहे.

सगळ्यात आधी प्रेस. शेजारच्या काकांना आमच्याकडे चहाला बोलावलं आणि त्यांचा प्रेस सुरू असताना पेला टेबलावर ठेवला. त्यांनी बराच वेळ त्या वर्तुळांकडे पाहिलं. म्हणाले, ‘माझा पोरगा आठ तास यावर उभा असतो.’ पुढच्या रविवारी ऐरोलीकर आले, मशीनखाली आडवे झाले, चारही पायांचे बोल्ट बघितले, माउंटचा आकार लिहून दिला. खर्च निम्मा-निम्मा. ठोका पूर्ण गेला असं नाही म्हणणार, तो अजून ऐकू येतो, पण भिंतीपलीकडून येतो. चहा स्थिर असतो.

पाट्या ४ बाय २ च्या ८०. भरीव फ्रेम सुताराने केल्या, खादी आमच्या ओळखीच्या गादीवाल्याने ताणून शिवली. पहिल्या वीस टांगल्या तेव्हाच फरक कळला, सुतार आपोआप हळू बोलायला लागला. खर्च वाचवायला साठवर थांबावं असं वाटलं होतं, थांबलो नाही ते बरं झालं.

बाहेरची हवा आत घेणारा फिल्टरचा पंखा बसवला, माणशी २० घनफूट दर मिनिटाला या हिशेबाने. अबोलीताईंनी सांगितलेलं यंत्र घेतलं, सगळे अकरा जण असताना ते नऊशेच्या आसपास राहतं. एसी २६ वर आणि वर छताचे पंखे.

पॅसेजमध्ये चार दिवे लागले, डबे हलले. बायकांसाठी मजल्यावरच्या दोनपैकी एक स्वच्छतागृह वेगळं झालं, आतून नवी कडी, किल्ली आमच्याकडे आणि समोरच्या पॅकिंगच्या गाळ्यात. तिथे काम करणाऱ्या पाच जणींनी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तिळाच्या वड्या पाठवल्या. त्या इतकी वर्षं खालच्या हॉटेलात जायच्या.

शाईचे ठसे आहेत तसेच ठेवलेत, त्या भिंतीला पाट्या लावल्या नाहीत.

काल तिन्ही जोड्या एकाच वेळी वाचत होत्या. एकीत ‘दिन’ आला. वाचणाऱ्या ताई पुढे ‘पहिली वेलांटी’ म्हणायच्या आत समोरच्या ताईंनी ‘कळलं, दुरुस्त केलं’ म्हणून खूण केली. प्रूफमध्ये ‘दीन’ पडलं होतं.

एक राहिलंय. जोराचा वारा सुटला की वर गुंडाळलेलं शटर खडखडतं, देवडीच्या दारातूनही येतं. पेटीत रबराची पट्टी भरली तर शटर अडकतं. यावर कुणी काही केलंय का?

ऐरोलीकर

पेटीत नको, बाजूच्या गाइडमध्ये ब्रशची पट्टी बसवा. रविवारी येतो, माप घेऊ.